पाच मजले, दोन बटणे

१

आठवण ही मोठी उदार पेढी आहे. बालपणी तिच्यात ठेवलेली चार आण्यांची ठेव ती पंचवीस-तीस वर्षांनी चक्रवाढ व्याजाने परत करते, आणि आपणही हिशेब न तपासता ती पदरात पाडून घेतो. शाळेच्या दाराशी मिळणारी बोरे, जत्रेतला फिरता पाळणा, मे महिन्यातला मामाच्या घरचा मुक्काम, ह्या साऱ्यांच्या गोडीत मूळची गोडी किती आणि व्याजाची किती, हे पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पडूही नये, बोरांची समीक्षा करावयाची नसते. परंतु एखादी वस्तू माणसाने विचारपूर्वक रचलेली असेल, आणि 'घे, हे फार छान होते' असे म्हणून ती आपण पुढच्या पिढीच्या हाती देऊ लागलो असू, तर मात्र हिशेबाची वही उघडावयास हवी. व्याज बाजूला काढून मुद्दल किती उरते, ते पाहावयास हवे.

हा हिशेब येथे मांडावयाचा आहे तो 'कुंग फू' नावाच्या एका छोट्याशा टीव्ही-खेळाचा. आज चाळिशीच्या आगेमागे असलेल्या पुष्कळ वाचकांना नुसत्या नावानेच त्याची ओळख पटेल. निळसर पांढऱ्या पोशाखातला एक चिमुकला वीर, दोन्ही बाजूंनी धावून येणारी माणसे, आणि बटण दाबताच उमटणारा तो 'हा! हू!' असा खरखरीत आवाज! ज्यांना तो ठाऊक नाही, अशा वडीलधाऱ्या वाचकांना कदाचित वाटेल की, दिवाळी अंकात कविता-कादंबऱ्यांच्या पंक्तीला ही पोरांची मारामारी कशाला? त्यांना एवढेच सांगावयाचे की, ज्या वस्तूने हजारो घरांतल्या मुलांच्या सुट्या खाल्ल्या, तिच्यात काही होते की नुसतीच भुरळ होती, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहेच. किंबहुना सुट्या ज्यांच्या गेल्या, त्यांच्या आईवडिलांना तो अधिक आहे.

२

प्रथम थोडी कुळकथा. १९८३ च्या जुलै महिन्यात जपानमधील निन्टेन्डो ह्या कंपनीने घरच्या दूरचित्रवाणीला जोडावयाचे 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र विकावयास काढले. दोन वर्षांनी तेच यंत्र वेगळ्या नावाने व वेगळ्या पेटीत अमेरिकेत गेले. जगभर मिळून त्याची विक्री सहा कोटींच्या वर गेली. आपल्याकडे मात्र मूळ यंत्रापेक्षा त्याच्या नकलाच अधिक पोहोचल्या. १९९० नंतरच्या दशकात शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून ही नकली यंत्रे दुकानांच्या काचेमागे दिसू लागली. त्यांच्या 'कॅसेटी'वर शेकड्यांनी, कधी हजारांनी खेळ असल्याचा आकडा छापलेला असे, आणि आत पाहावे तो तेच पंधरा-वीस खेळ पुन्हापुन्हा, नावे बदलून! ह्या पंधरा-विसांत 'कुंग फू'ची वर्णी पुष्कळदा लागे. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते त्यांच्यासाठी तासावर पैसे घेणारी दुकाने होती, आणि मित्राच्या घरचा दिवाणखाना तर होताच.

खेळाचा जन्म मात्र घरातला नव्हे. १९८४ साली आयरेम ह्या जपानी कंपनीने तो सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रासाठी काढला. रचनाकार ताकाशी निशियामा. जपानमध्ये त्याला 'स्पार्टन एक्स' हे नाव मिळाले. त्याच वर्षी आलेल्या जॅकी चॅनच्या एका हाँगकाँगी चित्रपटाचे ते जपानी नाव होय. त्या चित्रपटात बार्सिलोना शहरी गाडीवर खाद्यपदार्थ विकणारे दोन तरुण सिल्विया नावाच्या मुलीच्या भानगडीत सापडतात आणि तिला सोडविण्यासाठी एका गढीवर चालून जातात. खेळाने ह्यातून उचलले ते जवळजवळ नावांपुरतेच. वीर थॉमस, बंदिवान सिल्विया, आणि तिला पळविणारा 'मिस्टर एक्स'. बार्सिलोना गेले, खाद्यपदार्थांची गाडी गेली, चित्रपटातला विनोदही गेला.

खेळाचा खरा सांगाडा दुसऱ्याच चित्रपटातून आला आहे. ब्रूस ली १९७२ मध्ये 'गेम ऑफ डेथ' ह्या चित्रपटाचे चित्रीकरण करीत होता. एक मनोरा, त्याच्या प्रत्येक मजल्यावर वेगळ्या युद्धपद्धतीचा एक रक्षक, आणि एकामागून एक त्यांना जिंकीत वर चढणारा वीर, अशी त्याची मूळ कल्पना होती. काम अर्धवट राहिले. १९७३ च्या जुलैत ब्रूस ली वारला. आणि १९७८ मध्ये पडद्यावर आला तो तोतये नट घालून कसाबसा पुरा केलेला चित्रपट. त्या अपुऱ्या चित्रपटात मनोऱ्याची कल्पना पुरती फळाला आली नाही. पाच मजल्यांची ती चढण एका खेळाच्या यंत्रात पुरी झाली, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

१९८५ च्या जूनमध्ये निन्टेन्डोने आपल्या घरगुती यंत्रासाठी ह्या खेळाचे रूपांतर काढले. आपल्याकडच्या मुलांना ठाऊक झाला तो हाच अवतार. तो तयार करणाऱ्या मंडळींचा हात लागलीच दुसऱ्या एका खेळाला लागला आणि तो त्याच वर्षी सप्टेंबरात बाहेर पडला. त्याचे नाव 'सुपर मारिओ ब्रदर्स'. धाकट्या भावाने पुढे इतके नाव काढले की, थोरल्याची आठवण काढताना आज त्याचीच ओळख सांगावी लागते.

३

आता खेळाकडे वळू. थॉमसच्या हाती शस्त्र नाही. एक बटण ठोशाचे, एक लाथेचे. चार दिशांच्या कळीने तो डावीउजवीकडे चालतो, वर दाबले की उडी मारतो, खाली दाबले की बसतो. उभ्याने, बसून आणि उडीत असे दोन बटणांचे मिळून सहा प्रहार होतात. एवढीच त्याची विद्या. पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत त्यात एकाही डावाची भर पडत नाही. आजच्या खेळांत वीराला दर घटकेला नवे शस्त्र, नवे कवच, नवी शक्ती मिळत असते. थॉमसला काहीही मिळत नाही. वाढावयाचे ते खेळणाऱ्याने.

ह्या सहा प्रहारांत जी एक बारीक खुबी आहे, तिच्यात मला ह्या खेळाचे सारे मर्म दिसते. लाथ लांब पोहोचते, ठोसा जवळच पोहोचतो. म्हणजे लाथ मारणारा सुरक्षित अंतरावर राहतो आणि ठोसा मारणाऱ्याला शत्रूला अंगाशी येऊ द्यावे लागते. मग ठोसा कोण कशाला मारील? तर ठोशाला गुण अधिक आहेत. त्याच शत्रूला लाथेने लोळविले तर कमी, ठोशाने लोळविले तर जास्त. कोठेही न लिहिता रचनाकाराने येथे धैर्याचा भाव ठरवून टाकला आहे. ज्याला नुसते वर पोहोचावयाचे आहे त्याने लाथेवर भिस्त ठेवावी. ज्याला नाव कमवावयाचे आहे त्याने शत्रूचा श्वास लागेपर्यंत थांबावे. दहा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगावे लागत नाही. दोन-चार डाव हरल्यावर ते त्याच्या अंगठ्याला कळते.

शत्रूंची मांडणीही ह्याच एका सूत्रावर आहे. पहिले येतात ते मिठी मारणारे. ते मारीत नाहीत, धावत येऊन नुसते बिलगतात, आणि बिलगले की थॉमसची शक्ती झरझर ओसरू लागते. कळ डावीउजवीकडे जोरजोराने हलवून त्यांना झटकून टाकावे लागते. हुतूतू खेळलेल्या वाचकाला हे दृश्य परके वाटू नये. एकटा चढाई करणारा, दोन्ही अंगांनी त्याला कवळावयास टपलेले गडी, आणि हळूहळू संपत जाणारा दम! फरक इतकाच की, हुतूतूत रेषेला हात लावून परत येण्याची सोय असते. थॉमसला मागे घर नाही. त्याची रेषा पुढेच आहे. शिवाय मजला संपविण्याची वेळही बांधलेली असते, म्हणून एका जागी उभे राहून येईल त्याला बडवीत बसण्याचीही सोय नाही.

मिठीवाल्यांना एक लाथ पुरते. मग येतो तो चाकू फेकणारा. तो अंतर राखून उभा राहतो, एका प्रहाराने मरत नाही, आणि चाकू कधी डोक्याच्या उंचीने, कधी पायांच्या उंचीने फेकतो. म्हणजे येथे बसावे की उडी मारावी, हा निर्णय क्षणात घ्यावयाचा. मग येतात ते बुटके. त्यांना मारण्यासाठी खाली बसावे लागते, आणि बसावे तर ते कोलांटी मारून थेट टाळक्यावर आदळतात. जे उत्तर आधी बरोबर होते तेच आता चूक ठरते. तीनच जातींचे शत्रू. पण ते एकमेकांत मिसळून येऊ लागले की, प्रत्येक पावलाला वेगळा प्रश्न उभा राहतो. पाठीमागून मिठीवाला येतो आहे, समोरून चाकू सुटला आहे. आधी वळावे की आधी बसावे?

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याची चिकित्सा करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली होती. टीव्हीवरच्या मारामारीला आपली तत्त्वे लावलेली पाहून त्यांनी नाक मुरडले असते, ह्यात शंका नाही. तरीही मोह आवरत नाही. एकसारख्या अंतराने येणाऱ्या मिठीवाल्यांची एक लय बसते; अंगठा तिच्या ठेक्याने चालू लागतो. चाकूवाला येऊन तो ठेका मोडतो. आणि मजल्याच्या टोकाला उभा असलेला रक्षक, जेथे सारी गर्दी थांबते आणि दोघेच समोरासमोर उरतात, तेथे आधीच्या सगळ्या धावपळीचा तोल सावरला जातो. खेळ मनात राहतो तो ह्या घाटामुळे. चित्रे पुसट होतात, पण ठेका पुसट होत नाही.

रक्षकांचेही तसेच आहे. पहिला काठीवाला. काठीला भिऊन लांब राहाल तर मार खाल. अंगाशी भिडलात तर तो सोपा आहे. दुसऱ्याजवळ बूमरँग आहे. चुकविलेले अस्त्र पुन्हा परत येते, हे तो शिकवितो. तिसरा धिप्पाड, त्याच्याशी घाईने भिडणारा आडवा होतो. चौथा जादूगार, त्याच्यासमोर उभे राहून शौर्य दाखविण्यापेक्षा खाली बसून मारणे शहाणपणाचे. आणि पाचव्या मजल्यावरचा मिस्टर एक्स थॉमससारखाच रिकाम्या हातांचा. शस्त्रे आणि जादू संपून शेवटी आपल्यासारखाच एक माणूस समोर येतो, आणि तोच सर्वांत कठीण असतो. प्रत्येक मजल्याला वेगळे उत्तर शोधावे, ही ब्रूस लीच्या मनोऱ्याची मूळ कल्पना. तिचा एवढा सरळ अनुवाद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

४

हे सारे किती थोड्या सामग्रीत साधले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. यंत्राची चालती स्मृती होती दोन किलोबाइटांची. खेळाची सारी कॅसेट चाळीस किलोबाइटांची. वाचक आत्ता जो लेख वाचीत आहेत तो संगणकात साठविला तर तोही साधारण तेवढीच जागा अडवील. फोनवर काढलेल्या एका बऱ्यापैकी छायाचित्राला ह्याच्या पन्नासपटीहून अधिक जागा लागते. पडद्यावर हलती चित्रे दाखवावयाची तर एका आडव्या ओळीत आठ लहान तुकड्यांवर नववा मावत नसे. गर्दी झाली की आकृत्या लुकलुकू लागत. ज्या खेळात सगळी माणसे एकाच जमिनीवर, एकाच ओळीत उभी राहावयाची, त्याला ही अट किती जाचक असेल, ह्याची कल्पना करावी.

पण ह्या अडचणीतूनच खेळाचा कस आला आहे. शत्रू थोडे म्हणून प्रत्येकाची चाल ओळखू येते. रंग थोडे म्हणून कोण मिठीवाला आणि कोण चाकूवाला, हे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही समजते. पार्श्वभूमीला खांब आणि भिंत ह्यांपलीकडे फारसे काही नाही, म्हणून नजर जेथे हवी तेथेच राहते. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये आलेल्या 'डबल ड्रॅगन'ने आणि त्याच्यासारख्या इतर खेळांनी जमिनीला खोली दिली. माणसे वरखाली, आतबाहेर फिरू लागली. दृश्य भरगच्च झाले, पण शत्रू नेमका कोणत्या रेषेत उभा आहे, हे पुष्कळदा समजेनासे झाले. 'कुंग फू'त मारलेला ठोसा हुकला, तर तो आपल्यामुळेच हुकला, ह्याविषयी संदेह राहत नाही. न्यायाची ही स्पष्टता कोणत्याही खेळाची पहिली गरज होय.

ओबडधोबड चित्रांना हसणाऱ्यांनी आपल्या अंगणातला दिवाळीचा किल्ला आठवावा. त्यात दरवाजापेक्षा मावळा उंच असतो, वाघ हत्तीएवढा असतो, अळिवाच्या रोपांचे अरण्य असते. आणि तरीही त्या किल्ल्याला खोटा म्हणणारे मूल अजून जन्मावयाचे आहे. मुलाला साऱ्या तपशिलाची भूक नसते. त्याला हवी असते ती पक्की मांडणी. दरवाजा कोठे, बुरूज कोठे, शत्रू कोणत्या वाटेने येणार, एवढे ठरले की बाकीचे तो स्वतः भरून काढतो. 'कुंग फू'चे मंदिर ह्याच जातीचे आहे. त्यातही एक लहानशी गंमत पाहा. बहुतेक धावते खेळ डावीकडून उजवीकडे जातात. येथे पहिला मजला उजवीकडून डावीकडे, दुसरा डावीकडून उजवीकडे, तिसरा पुन्हा उलटा. जिना चढताना प्रत्येक वळणाला आपली दिशा बदलते तशीच. एवढ्या एका युक्तीने सपाट पडद्यावर पाच मजल्यांची इमारत उभी राहते. ती काढून दाखवावी लागत नाही.

५

येथपर्यंत जमेची बाजू झाली. आता खर्चाची.

पहिली गोष्ट, मजल्यांची. पाचांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यावर काही निराळे आहे. छतावरून गोळे व मडकी पडतात, त्यांतून साप आणि आग ओकणारे ड्रॅगन निघतात, विषारी पतंग घोंगावतात. ही निराळी भानगड खेळाच्या मूळ स्वभावाशी नीट जुळत नाही. माणसाची चाल ओळखून तिला उत्तर देणे, हा ह्या खेळाचा आत्मा. वरून कोसळणाऱ्या मडक्याला चाल नसते. तेथे कौशल्यापेक्षा पाठांतर चालते. उलट पहिला, तिसरा आणि पाचवा हे मजले एकमेकांसारखेच दिसतात. फरक असतो तो शत्रूंच्या संख्येत आणि वेगात. म्हणजे जेथे नवेपणा आहे तेथे तो विजोड आहे, आणि जेथे जुळणी आहे तेथे नवेपणा कमी आहे.

दुसरी गोष्ट, रक्षकांची. प्रत्येकाचे उत्तर वेगळे असले, तरी बहुतेकांचे उत्तर एकच आहे आणि ते एकदा सापडले की प्रश्नच संपतो. चांगल्या वस्तादाचा डाव कळला तरी त्याच्याशी कुस्ती सोपी होत नाही, कारण तोही आपला डाव ओळखतो. येथे रक्षक आपल्याकडून काही शिकत नाही. अंतिम रक्षकाच्या बाबतीत ही उणीव थोडी कमी जाणवते, एवढेच.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर, आणि ती सिल्वियाची. ती खुर्चीला बांधलेली आहे. खेळ सुरू होतो तेव्हाही, संपतो तेव्हाही. तिला बोलणे नाही, हालचाल नाही, स्वतःचे काही करणे तर नाहीच. मूळ चित्रपटातली सिल्विया निदान चार माणसांत वावरणारी, थोडी लबाड, थोडी चतुर अशी मुलगी होती. खेळात आल्यावर तिचे निव्वळ बक्षीस झाले. त्या काळच्या पुष्कळ खेळांत हेच आहे, असे म्हणून हा दोष माफ करता येणार नाही. घरात एकाच यंत्रासमोर बहीण आणि भाऊ दोघेही बसत असत. भावाला थॉमस होता येत होते. बहिणीलाही तेच व्हावे लागत होते, कारण दुसरे पात्र खुर्चीला बांधलेले होते! ज्या रचनाकाराने ठोशाला आणि लाथेला वेगवेगळे मोल दिले, त्याने ह्या पात्राला काहीच मोल देऊ नये, ह्याची खंत वाटते.

आणि शेवट? मिस्टर एक्स पडतो, थॉमस सिल्वियाला सोडवितो, क्षणभर दोघे भेटतात. लगेच खेळ पुन्हा पहिल्या मजल्यावर येतो. सिल्विया पुन्हा बांधलेली, शत्रू पूर्वीपेक्षा चपळ. कथा म्हणून पाहिले तर हा शुद्ध आडमुठेपणा आहे. तासावर पैसे मोजणाऱ्या मुलाला तो फसवणुकीसारखाही वाटला असेल. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात त्याचा धंद्याशी संबंध होता. तेथे शेवट असणे परवडणारे नव्हते. घरी आल्यावर ते कारण उरले नाही, पण सवय उरली. तरीही ह्या पुनरावृत्तीत एक नकळत आलेला खरेपणा आहे. तालमीत रोज तेच जोर, तेच बैठकांचे आकडे असतात. कालच्या जोरांनी आजचे जोर माफ होत नाहीत. 'कुंग फू' हा विजयाचा खेळ म्हणून फसतो आणि रियाजाचा खेळ म्हणून टिकतो. तो कोणत्या रूपाने खेळावयाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

६

ह्या खेळाच्या पुढच्या वंशावळीबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. निशियामा आयरेम सोडून कॅपकॉम ह्या कंपनीत गेले. मजल्याच्या टोकाला दोघेच समोरासमोर येतात, तो प्रसंग त्यांनी वेगळा काढला आणि त्याचाच एक पूर्ण खेळ केला. १९८७ चा 'स्ट्रीट फायटर' तो हाच. पुढे एस्एन्के कंपनीत जाऊन १९९१ मध्ये त्यांनी 'फेटल फ्युरी' काढला. आज जगभर मोठ्या बक्षिसांसाठी जे द्वंद्वाचे खेळ खेळले जातात, त्यांच्या कुळाचा शोध घेत मागे गेले की, ती वाट ह्याच मंदिराच्या जिन्यापाशी येऊन पोहोचते. दुसऱ्या टोकाला, फ्रान्समध्ये ॲग्नेस वार्दा ह्यांनी १९८८ मध्ये एका चित्रपटाला ह्या खेळाचेच नाव दिले; त्यातला शाळकरी मुलगा ह्या यंत्रासमोर उभा असतो. गंभीर चित्रपटात स्थान मिळावे इतका हा खेळ त्या काळच्या पोरवयाची खूण होऊन बसला होता.

पण वंशजांच्या कीर्तीवर आजोबांचे मोजमाप करू नये. खेळ आज हाती घेतला तर काय होते, हाच खरा प्रश्न. एक व्यावहारिक गोष्ट आधी सांगतो. आजच्या सपाट दूरचित्रवाणी संचांपैकी पुष्कळांत बटण दाबणे आणि चित्र हलणे ह्यांच्यामध्ये किंचित विलंब पडतो. इतर कार्यक्रमांना तो जाणवत नाही. अंतर आणि क्षण ह्यांवर उभ्या असलेल्या ह्या खेळाला तो मारक ठरतो. जुन्या काचेच्या नळीच्या संचावर खेळून पाहण्याची संधी मिळाली, तर ती दवडू नये. संचात विलंब कमी करण्याची सोय असेल, तर ती आधी चालू करावी.

एवढी काळजी घेतल्यावर वही मिटविताना शिल्लक अशी दिसते. सिल्वियाची कथा, मडक्यांतले साप, न संपणारा शेवट, ह्या साऱ्यांना आठवणीने दिलेले व्याजच गोड करीत होते; ते काढून घेतले की त्या बाजू फिक्या पडतात. परंतु शत्रूला अंगाशी येऊ देऊन मारलेला ठोसा आजही तितकाच खणखणीत आहे. मिठीवाल्यांचा ठेका आणि चाकूने त्याचा होणारा भंग आजही तितकाच ताजा आहे. जिन्याच्या वळणासारखी बदलणारी दिशा आजही तितकीच समाधान देते. हे आठवणीचे देणे नव्हे. ज्याला कसलीच आठवण नाही, अशा आजच्या मुलाच्या हाती यंत्र दिले, तरी दहा मिनिटांत तेही कळ हलवून मिठी झटकावयास लागते. मुद्दल ह्याहून निराळे ते काय?

तेव्हा ह्या दिवाळीत घरातल्या मुलांना हा खेळ दाखवावयाचा असेल, तर जरूर दाखवावा. मात्र 'आमच्या वेळचे खेळ काय होते!' असे पालुपद लावू नये. त्याने खेळाची किंमत वाढत नाही आणि मुलाचा रस मात्र कमी होतो. यंत्र हाती द्यावे, लाथ कोणती आणि ठोसा कोणता एवढे सांगावे, आणि अर्धा तास गप्प बसावे. तिसऱ्या मजल्यावरच्या धिप्पाड रक्षकाने त्याला दोनदा लोळविल्यावर तिसऱ्यांदा ते मूल काय करते, ते पाहावे. ते धावून न जाता एक पाऊल मागे सरले आणि थांबले, तर खेळाने आपले काम केले असे समजावे. आणि घरात मुलगी असेल, तर तिने 'ही बाई खुर्चीवरून उठून एखादी लाथ का मारीत नाही?' असे विचारल्यास तिला गप्प करू नये. तिचा प्रश्न बरोबर आहे. चाळीस वर्षांपूर्वी तो रचनाकाराला सुचावयास हवा होता.